मोकळा सोडलेला खेळाडू

प्रतिपक्षांतील कच्चा गडी हेरून त्याच्यावर तुटून पडावें, ही युक्ति बहुतेक सर्व खेळांत रूढ आहे. हुतुतूंत चढाई करणारा बिचकणाऱ्या गड्याकडेच वळतो. क्रिकेटमध्यें शेवटचे फलंदाज केव्हां समोर येतात याची गोलंदाज वाट पाहत असतो. बास्केटबॉलमध्यें मात्र या युक्तीचें एक उलटें रूप दृष्टीस पडतें. तेथें दुबळ्या गड्यावर कोणी चालून जात नाहीं. उलट त्याला मुद्दाम मोकळा सोडतात. त्याच्यावर नेमलेला राखणदार पांच-सहा पावलें मागें सरतो, हात खालीं सोडून उभा राहतो, आणि जणूं सांगतो, 'मार खुशाल नेम. तुझ्या नेमाची आम्हांस भीति नाहीं.' हजारों प्रेक्षकांदेखत होणारा हा अनादर ज्याच्या वांट्यास येतो, तो पुष्कळदां संघांतील सर्वांत बुद्धिमान खेळाडू असतो. त्याला खेळांत ठेवावें कीं बाकावर बसवावें, आणि ठेवलें तर त्याच्यापुढें मोकळ्या पडलेल्या जागेचा उपयोग कसा करून घ्यावा, हा प्रश्न अमेरिकेंतील अनेक नामांकित संघांपुढें उभा राहिलेला आहे. त्यांनीं शोधलेलीं उत्तरें, आणि कांहींना न सांपडलेलें उत्तर, हीं दोन्हीं मोठीं बोधप्रद आहेत.

ज्या घरांतील मुलें शाळेच्या मैदानावर हा खेळ खेळतात, तेथें त्याचे नियम ठाऊक असतीलच. इतरांसाठीं चार गोष्टी आधीं सांगणें अवश्य आहे. जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें १८९१ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं, व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या टोपल्या बांधून हा खेळ सुरू केला. आज तेथील धंदेवाईक संघांची जी मोठी संस्था आहे, नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, तिच्या नियमांप्रमाणें मैदान ९४ फूट लांब व ५० फूट रुंद असतें. दोन्ही टोकांस जमिनीपासून १० फूट उंचीवर लोखंडी कडें असतें. प्रत्येक बाजूचे पांच गडी एका वेळीं खेळतात. साध्या फेकीला २ गुण मिळतात. परंतु कड्याभोंवतीं एक कमानदार रेषा आंखलेली असते, तिच्या बाहेरून चेंडू कड्यांत टाकला तर ३ गुण मिळतात. समोरून ही रेषा २३ फूट ९ इंच दूर आहे, कोपऱ्यांतून २२ फूट. या संस्थेनें ती १९७९ सालीं स्वीकारली. चेंडू हातीं आल्यापासून २४ सेकंदांच्या आंत नेम मारलाच पाहिजे, असाहि निर्बंध आहे.

पांच गड्यांपैकीं जो चेंडू खेळवीत पुढें आणतो, कोणीं कोठें धांवावें हें खुणेनें सांगतो आणि योग्य क्षणीं योग्य माणसाच्या हातीं चेंडू पोंचवितो, त्याला 'पॉइंट गार्ड' म्हणतात. नाटकांतील सूत्रधाराशीं त्याची तुलना करतां येईल. दृष्टि, चपळाई व प्रसंगावधान हे त्याचे मुख्य गुण. पण हे तिन्ही गुण अंगीं असूनहि लांबून नेम मारण्याचें कसब नसणें शक्य असतें. आणि आपला सारा विषय या एका उणीवेभोंवतीं फिरतो.

एरव्हीं प्रत्येक राखणदार आपापल्या गड्यापासून हातभर अंतरावर असतो. पॉइंट गार्डाला नेम नाहीं हें एकदां कळलें, कीं त्याचा राखणदार कड्याच्या दिशेनें मागें सरकतो. तेथें उभा राहून तो तीन कामें एकदम करतो. कड्याकडे धांवणाऱ्या दुसऱ्या गड्याची वाट अडवितो. कड्यापाशीं उभ्या असलेल्या उंच गड्याला चेंडू मिळूं देत नाहीं. आणि एखादा सोबती चुकलाच तर त्याच्या मदतीस जातो. म्हणजे चढाई करणाऱ्यांच्या दृष्टीनें चार गड्यांना पांच राखणदारांशीं झुंजावें लागतें. येथें ध्यानांत घेण्याजोगें हें, कीं खरें नुकसान त्या मोकळ्या गड्याचें होत नाहीं, त्याच्या सोबत्यांचें होतें. संघाचा पटाईत वीर गर्दींत अडकतो, आणि दूरवरून पाहणाराला वाटतें कीं आज त्याचाच हात चालत नाहीं.

मोकळा सोडल्यावर त्यानें नेम मारला तर? त्याचा हिशेब प्रतिपक्षानें आधींच मांडलेला असतो. शंभर फेकींत तीस साधणाऱ्या गड्यानें तीन गुणांच्या शंभर फेकी केल्या, तर नव्वद गुण मिळतील. म्हणजे एका फेकीमागें ०.९ गुण. अलीकडच्या वर्षांत या संस्थेंतील संघ शंभर चढायांमागें साधारणपणें ११० ते ११५ गुण मिळवितात. म्हणून त्या गड्यानें प्रत्येक वेळीं नेम मारावा, हेंच प्रतिपक्षाला हवें असतें. तोच गडी शंभरांत सदतीस फेकी साधूं लागला तर १११ गुण होतात, आणि हा सारा सौदा आंतबट्ट्याचा ठरतो. तीस आणि सदतीस यांतील फरक डोळ्यांस दिसतहि नाहीं. परंतु एवढ्या फरकावर बचावाची मांडणी उलटते.

हा डाव पूर्वीं इतका उघडपणें खेळतां येत नसे. २००१ सालापर्यंत या संस्थेचा नियम असा होता, कीं राखणदारानें एखाद्या गड्याचीच राखण केली पाहिजे. नुसत्या मोकळ्या जागेची राखण करण्यास मनाई होती. २००१-०२ च्या हंगामापासून ही मनाई उठली. तिच्या जागीं एक सौम्य निर्बंध आला: जवळपास कोणी गडी नसतां राखणदारानें कड्यासमोरील रंगविलेल्या पट्ट्यांत तीन सेकंदांहून अधिक काळ थांबूं नये. आंतरराष्ट्रीय नियमांत, ज्यांस अनुसरून हिंदुस्थानांतहि सामने होतात, बचाव करणाऱ्यांवर हा तीन सेकंदांचा निर्बंधसुद्धां नाहीं. त्यामुळें मुंबई-पुण्याच्या शाळांतील सामन्यांत ही गर्दी अधिकच दाट होऊं शकते.

या डावाचें एक गाजलेलें उदाहरण २०१५ सालचें आहे. मेंफिस व गोल्डन स्टेट या संघांच्या मालिकेंत तीन सामने झाले होते, आणि मेंफिस दोन-एक असें पुढें होतें. त्यांचा टोनी ॲलन हा पॉइंट गार्ड नव्हता. पण बचावांत तो अत्यंत निष्णात होता आणि लांबचा नेम त्याला नव्हता. चौथ्या सामन्यांत गोल्डन स्टेटनें आपला सर्वांत उंच गडी अँड्र्यू बोगट याला नांवापुरता ॲलनवर नेमलें. बोगट त्याच्याजवळ गेलाच नाहीं. कड्यापाशीं पहारा करीत राहिला. ॲलनला अखेर बराच वेळ बाकावर बसवावें लागलें, आणि तो बसतांच मेंफिसचा बचावहि लंगडा झाला. गोल्डन स्टेटनें तो सामना १०१-८४ असा जिंकला, मग मालिका आणि त्या वर्षींचें अजिंक्यपदहि. एका माणसाला मोकळें सोडून संघाचे दोन्ही हात बांधतां येतात, तें असें.

याहून करुण प्रसंग २०२१ सालचा आहे. फिलाडेल्फिया संघाचा पॉइंट गार्ड बेन सिमन्स हा ऑस्ट्रेलियन तरुण जवळजवळ सात फूट उंच, वेगवान, उत्तम पास देणारा आणि बचावांत अव्वल. लांबून नेम तो मारीतच नसे. त्या वर्षीं त्याचा संघ आपल्या गटांत पहिला आला होता. पण बाद फेरींत अटलांटानें त्याला मोकळा सोडला, आणि तो चेंडू घेऊन आंत घुसलाच तर त्याला धक्का देऊन फ्री थ्रो मारावयास लावण्याचा क्रम ठेवला. फ्री थ्रो म्हणजे १५ फुटांवरून, कोणी अडविणारा नसतां मारावयाची फेक. एरव्हीं हंगामभर सिमन्स शंभरांत सुमारें ६१ फ्री थ्रो साधत असे. बाद सामन्यांत ७३ पैकीं २५ च साधले. मग त्यानें कड्याकडे जाणेंच टाळलें. सातव्या, निर्णायक सामन्याच्या अखेरीस तो कड्याखालीं पोंचला होता. जवळ होता तो त्याच्याहून पुष्कळ ठेंगणा गडी. तेथेंहि त्यानें नेम न मारतां सोबत्याला चेंडू दिला. फिलाडेल्फिया ९६-१०३ असें हरलें. त्या संघाकडून सिमन्स पुन्हां कधीं खेळला नाहीं. २०२२ च्या फेब्रुवारींत त्याची ब्रुकलिनकडे रवानगी झाली.

या सामन्यांत सिमन्सनें सोबत्यांना १३ यशस्वी पास दिले होते, हें विसरतां कामा नये. हात नसलेला नव्हे, तर हात आंखडलेला खेळाडू संघाला महाग पडला. राखणदार मागें सरतो तेव्हां तो नेमाची परीक्षा पाहतो हें खरें. पण त्याहून अधिक तो मनाची परीक्षा पाहतो. मोकळा गडी एक क्षण थबकला, कीं चढाईची लय मोडते, सोबती आपापल्या जागीं उभे राहतात आणि विस्कटूं लागलेला बचाव पुन्हां सांधला जातो.

आतां उपायांकडे वळावें. पहिला उपाय वेगाचा. राखणदाराला मागें सरून पहारा करावयाचा असेल, तर त्याला तेथें पोंचण्यास व सोबत्यांची मांडणी होण्यास वेळ लागतो. चेंडू हिसकावला किंवा प्रतिपक्षाचा नेम चुकला, कीं त्याच क्षणीं मैदानभर धांवत सुटावें. या झडपेला 'फास्ट ब्रेक' म्हणतात. तींत लांबच्या नेमाचें कामच पडत नाहीं. पायांचा वेग आणि डोळ्यांची चलाखी पुरते.

दुसरा उपाय मोकळ्या जागेंत घुसण्याचा. राखणदारानें सोडलेलीं पांच-सहा पावलें ही धांव घेण्यास मिळालेली वाट आहे. उभा असलेला राखणदार आणि वेगानें आलेला गडी यांची गांठ पडली, तर वेगवानाचें पारडें जड असतें. यानिस अँटेटोकुंपो हा ग्रीक खेळाडू पॉइंट गार्ड नव्हे. परंतु चेंडू पुढें आणण्याचें काम पुष्कळदां तोच करतो, आणि त्यालाहि असाच मोकळा सोडतात. २०२१ च्या बाद सामन्यांत त्याचे फ्री थ्रो शंभरांत साठांच्या आंतच साधत होते. तो ते मारण्यास इतका वेळ घेई, कीं प्रेक्षक मोठ्यानें अंक मोजून त्याची थट्टा करीत. तरीहि तो आंत घुसावयाचा थांबला नाहीं. अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यांत त्यानें १९ पैकीं १७ फ्री थ्रो साधले, ५० गुण केले, आणि मिल्वॉकी संघ अजिंक्य ठरला. सिमन्सची आणि त्याची उणीव एकाच जातीची होती, आणि उन्हाळाहि एकच होता.

तिसरा उपाय सर्वांत सुबक आहे. मोकळ्या गड्यानें चेंडू खेळवीत आपल्या संघांतील पटाईत नेमबाजाकडे जावें, त्याच्या हातांत चेंडू हातोहात द्यावा, आणि देतांना स्वतःच्या शरीराचा आडोसा करावा. खेळाडू या आडोशाला 'स्क्रीन' म्हणतात. नेमबाजाचा राखणदार त्या आडोशामागें अडकतो. अशा वेळीं दुसऱ्या राखणदारानें पुढें होऊन नेमबाजाला अडवावयाचें असतें. पण हा दुसरा राखणदार कोण? जो आपल्या गड्याला सोडून पांच-सहा पावलें मागें उभा आहे तोच! तो येईपर्यंत चेंडू हवेंत गेलेला असतो. म्हणजे मागें सरून वांचविलेली जागा शत्रूच्या सर्वोत्तम नेमबाजालाच भेट मिळते. गोल्डन स्टेटचा ड्रेमंड ग्रीन हा लांबचा नेम बेताचाच असलेला गडी. पण स्टीफन करी या नेमबाजाशीं अशी हातोहात देवघेव करून त्यानें आपल्या संघाच्या २०१५, २०१७, २०१८ व २०२२ या चार अजिंक्यपदांत मोठा वांटा उचलला. टोनी ॲलनला मोकळा सोडणाऱ्या संघांतच हा गडी होता, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

चौथा उपाय चेंडू हातीं नसतांनाचा. नेम नसलेला गडी दूर कोपऱ्यांत स्वस्थ उभा राहिला, तर त्याच्या राखणदाराला फुकटची रजा मिळते. म्हणून त्यानें दूर न थांबतां कड्याच्या बाजूला, मागील सीमेलगत जावें. तेथें चेंडू मिळाला तर दोन पावलांत ले-अप होतो, आणि त्याला मोकळा सोडणें धोक्याचें ठरतें. नाहीं तर राखणदाराची नजर चेंडूकडे वळतांच त्याच्या पाठीमागून कड्याकडे धांवावें. मदतीस धांवणाऱ्या राखणदाराचे डोळे दुसरीकडे असतात, हाच त्याचा कच्चा दुवा होय.

पांचवा उपाय शिक्षकाच्या हातचा. बिनानेमाचा एक गडी संघाला पेलतो; एका वेळीं दोघे सहसा पेलत नाहींत. पॉइंट गार्डाला नेम नसेल, तर उंच गडी तरी बाहेरून नेम मारणारा असावा, म्हणजे त्याच्या राखणदारास कड्यापासून दूर यावें लागतें आणि वाट मोकळी होते. शेवटचा उपाय साधाच आहे. वेळ संपत आला आहे, चेंडू हातांत आहे आणि समोर कोणी नाहीं, अशा वेळीं न चाचरतां नेम मारावा. एका फेकीमागें ०.९ गुण ही प्राप्ति थोडी खरी, पण नेम न मारतांच वेळ संपला तर प्राप्ति शून्य असते.

हे उपाय एकत्र कसे येतात, हें २००८ च्या अंतिम मालिकेंत दिसून आलें. बोस्टन आणि लॉस एंजलिस यांचा सामना होता. बोस्टनचा पॉइंट गार्ड राजन राँडो बावीस वर्षांचा, दुसऱ्याच हंगामांत खेळणारा. भोंवतीं केव्हिन गार्नेट, पॉल पिअर्स व रे ॲलन असे तीन बाहेरून नेम मारूं शकणारे मातबर गडी. लॉस एंजलिसनें आपला श्रेष्ठ खेळाडू कोबी ब्रायंट यालाच राँडोवर नेमलें. पण राखण करण्यास नव्हे, तर त्याला सोडून इतरांच्या वाटेंत उभें राहण्यास. हा डाव कांहीं काळ चांगला चालला. चौथ्या सामन्यांत बोस्टन २४ गुणांनीं मागें पडलें. तेव्हां शिक्षक डॉक रिव्हर्स यांनीं, पायाच्या दुखापतीनेंहि त्रस्त असलेल्या राँडोला बसवून, एडी हाउस या नेमबाजास खेळविलें. मैदान मोकळें झालें, आणि बोस्टननें तो सामना ९७-९१ असा जिंकला.

येथेंच गोष्ट संपती तर राँडोच्या वांट्यास बाकच आला असता. पण सहाव्या सामन्यांत रिव्हर्सनीं त्याला पुन्हां मैदानांत उतरविलें. त्या रात्रीं राँडोनें लांबच्या नेमाच्या वादांत न शिरतां वेगाचा मार्ग धरला. त्यानें प्रतिपक्षाकडून सहा वेळां चेंडू हिसकावला, मांडणी होण्यापूर्वीं धांव घेतली, मोकळ्या जागेंत शिरून सोबत्यांना आठ यशस्वी पास दिले आणि स्वतः २१ गुण केले. बोस्टननें १३१-९२ असा दणदणीत विजय मिळवून अजिंक्यपद घेतलें. विशेष हें, कीं २०२१ सालीं फिलाडेल्फियाचे शिक्षकहि हेच डॉक रिव्हर्स होते. मात्र एकाच गोष्टीवरून निवाडा करणें न्यायाचें नाहीं. राँडोभोंवतीं जे सोबती होते तसे सिमन्सभोंवतीं नव्हते, आणि पुढें पाठीच्या दुखण्यानेंहि सिमन्सला छळलें. तरीहि फरक उरतोच: एकानें मोकळी जागा ही वाट मानली, दुसऱ्याला ती भिंत वाटली.

हे सर्व उपाय झाले त्या दिवसापुरते. कायमचें औषध सरावाचें. जेसन किड हा फार मोठा पॉइंट गार्ड १९९४ सालीं या संस्थेंत आला, तेव्हां तीन गुणांच्या शंभर फेकींत तो सुमारें २७ साधत असे. त्यानें वर्षानुवर्षें आपला नेम घडविला. २०११ सालीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, डॅलस संघाबरोबर तो अजिंक्य ठरला, तेव्हां त्याला मोकळा सोडण्याचें धाडस कोणी सहसा करीत नसे. २०१३ सालीं तो निवृत्त झाला त्या वेळीं तीन गुणांच्या १,९८८ फेकी त्याच्या नांवावर होत्या, आणि तोंपर्यंतच्या सर्व खेळाडूंत या बाबतींत त्याचा क्रम तिसरा होता. राँडोचेंहि तसेंच. ज्या लॉस एंजलिसनें त्याला एके काळीं मोकळा सोडला होता, त्याच संघाकडून तो २०२० सालीं पुन्हां अजिंक्य ठरला; त्या वर्षींच्या बाद सामन्यांत तीन गुणांच्या शंभर फेकींत त्यानें चाळीस साधल्या.

शाळेच्या मैदानावर असा एखादा मुलगा किंवा मुलगी हमखास असते: पास सुरेख, पाय चपळ, पण नेम कच्चा. चार सामन्यांत प्रतिपक्षानें मोकळें सोडलें, सोबती हंसले, कीं तें मूल चेंडू हातीं आल्याबरोबर दुसऱ्याकडे भिरकावून मोकळें होऊं लागतें. त्याला बाकावर बसविणें सोपें आहे. त्याऐवजीं धांव केव्हां घ्यावी, आडोसा कसा द्यावा, राखणदाराच्या पाठीमागून केव्हां निसटावें, हें त्याला शिकवावें. फेक चुकली तर रागें भरूं नये. आणि सायंकाळीं इतर मुलें घरीं गेल्यावर पन्नास फेकी अधिक माराव्या, एवढें सांगावें. नेम सावकाश येईल. तो येईपर्यंत तें मूल संघाच्या उपयोगीं पडूं शकतें, एवढी खात्री त्याला पटली पाहिजे.